तीन हजार खिडक्या

मिस्त्रीचा कुणावरही पटकन विश्वास बसत नसे. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते परवडतही नाही. मशीनवाला छातीठोकपणे सांगतो, "कालपर्यंत झकास चालत होतं, आपोआप बंद पडलं," आणि मशीनच्या पोटात हात घालावा तर तुटक्या सुईची तीन टोकं आणि कुणाची तरी केसांची पिन निघते. पंचवीस वर्षं हे पाहून त्याने मनाशी पक्कं केलं होतं की आपोआप काही होत नसतं. कुणीतरी केलेलं असतं, आणि तो कुणीतरी बहुधा समोरच साळसूद चेहऱ्याने उभा असतो.

हा स्वभाव त्याने कारखान्याच्या दारात ठेवून यायला हवा होता, पण तो घरीही घेऊन येई. चहाची चव जरा बदलली की पावडर कुठून आणली याची चौकशी. बायकोने फोनवर आवाज खाली केला की याचे कान उभे. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. बावीस वर्षांच्या संसारात तिने यावर एकच उपाय शोधला होता. ती हसायची आणि आवाज आणखी खाली करायची.

अशा माणसाला रॅपचं वेड लागलं हे ऐकून लोक हसत. शेचाळीस वर्षांचा, टक्कल पडत चाललेला, नखांत कायम मशीनचं तेल असलेला माणूस माइक धरून बीटवर बोलतो म्हणजे काय! पण बोलत असे, आणि चांगला बोलत असे. चौदा वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावरची रिकामी खोली मागून घेऊन त्याने चार जणांना जमवलं. खोलीला रबराचा वास. मध्येच खालचा हवा भरायचा पंप सुरू होई आणि आख्खी जमीन थरथरे. त्याचाही बीट धरून बोलायची सगळ्यांना सवय झाली होती. जुन्या मशीनच्या लाकडी पेटीत त्याने स्वतः स्पीकर बसवला. दर रविवारी दुपारी चारला पंधरावीस माणसं तिथे गोल करून बसत, म्हणून त्या बैठकीचं नावच 'गोल' पडलं.

गोलाला नियम होते आणि ते सगळे मिस्त्रीने घातलेले. त्याआधी तो दुसऱ्या एका टोळक्यात जायचा. तिथे एकाने दुसऱ्याच्या आईवरून ओळ टाकली, दुसऱ्याने त्याच्या बहिणीवरून, आणि शेवटी दोघांचे दात पडले. ते पाहिल्यापासून तो म्हणे, की हिप-हॉप म्हणजे ज्याला कुणी बोलू देत नाही त्याची जागा आहे, आणि तिथेही दांडगाईच होणार असेल तर घरी बसलेलं काय वाईट. म्हणून गोलात कुणाच्या घरावरून, रंगावरून, अंगावरून बोलायचं नाही. बाई माइकवर असताना मध्ये तोंड घालायचं नाही. न भोगलेलं दुःख आपलं म्हणून सांगायचं नाही. माइक डावीकडे जाणार, मग पुढे बसलेला अडखळत बोलणारा असो की नावाजलेला.

सगळ्यात कडक नियम चोरीचा. दुसऱ्याची ओळ घ्यायला हरकत नव्हती, पण म्हणताना त्याच्याकडे उघडा तळहात करायचा. तो हजर नसेल तर दाराकडे. तळहात न करता दुसऱ्याची ओळ म्हटली, तर चार रविवार मुकं बसायचं. यायचं, ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. चौथ्या रविवारी ओळीच्या मालकाचं नाव घेऊन माफी मागायची. नाही मागितली तर गोलाचं दार कायमचं बंद. चौदा वर्षांत तीन चोर सापडले, तिन्ही मिस्त्रीने पकडलेले. त्याला याचा अभिमान होता, आणि नाकाने कांदे सोलायची थोडी हौसही होती.

त्याची स्वतःची एक रचना फार गाजली होती. 'खिडक्या' तिचं नाव. लहानपणी आजारी पडून अंथरुणात काढलेल्या वर्षावरची. कुणीतरी ती रेकॉर्ड करून फिरवली आणि ती अनोळखी लोकांच्या फोनवर वाजू लागली. तिच्यातली एक ओळ सगळ्यांना पाठ होती.

*किती उघडल्या खिडक्या हजार,*
*एकीतूनही दिसत नाही... बाहेर.*

'नाही' नंतर तो थांबत असे. बीट पुढे जाई, तो गप्प, आणि मग अचानक 'बाहेर'. त्या थांबण्यावर लोक जीव टाकत. नवशिके त्याची नक्कल करत आणि मिस्त्रीकडे तळहात करत.

अशा गोलात एका रविवारी भट्टीवाल्याने एका मुलीला आणलं. भट्टीवाला बेकरीत पाव भाजे आणि गोलात तोंडाने बीट वाजवे. मुलगी पंचविशीची, शर्टाच्या कारखान्यात कामाला. बेकरीच्या काउंटरवर याचं तोंडाने वाजवणं ऐकून ती थांबली आणि म्हणाली, "मलाही थोडं येतं." एवढ्या ओळखीवर हा तिला घेऊन आला. सगळे तिला 'नवी' म्हणू लागले.

माइक फिरत फिरत नवीकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, भट्टीवाल्याने बीट दिला, आणि ती अगदी हळू, कुणाशी तरी कामाचं बोलावं तसं बोलली,

*रोज उघडते खिडक्या तीन हजार,*
*एकीतूनही दिसत नाही... बाहेर.*

तेच थांबणं. तळहात कुणाकडेही नाही. भट्टीवाल्याचं तोंड बीटच्या मध्येच बंद पडलं आणि सगळ्या माना मिस्त्रीकडे वळल्या.

"ओळ कुणाची?" मिस्त्रीने विचारलं.

"माझी."

"नीट आठवून सांग."

"आठवायचं काय त्यात? माझीच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्रीने शांतपणे नियम सांगितला. आवाज चढवला नाही, कारण आवाज चढवणाऱ्याच्या मनात खोट असते असं त्याचं मत होतं. नवीने ऐकून घेतलं. "मी तुमचं काही ऐकलेलं नाही," एवढंच म्हणाली आणि माइक डावीकडे दिला. मग कुणीतरी म्हणालं, दादा, एकदा तुम्हीच ऐकवा तिला, म्हणजे आठवेल. मिस्त्रीने 'खिडक्या' तिच्या तोंडावर अख्खी म्हटली, थांबण्यासकट. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी चारपाच जणांनी ते रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवूनही दिलं, पुन्हा विसरू नये म्हणून.

त्याला वाटलं होतं, ती आता फिरकणार नाही. पण पुढच्या रविवारी ती चारला पाच मिनिटं कमी असतानाच येऊन बसली. मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. चोर असेल तर येईल कशाला? म्हणजे, चोर नाही असं दाखवायलाच आली. ती खाली बघत बसली असती तर अपराधी वाटतंय म्हणून. ती तर सरळ त्याच्याकडे बघत होती, म्हणजे निर्ढावलेली आहे. पाणी प्यायली तर घसा कोरडा पडलाय, नाही प्यायली तर सोंग आहे. एकदा संशय घ्यायचं ठरवलं की पुराव्याला काय तोटा!

तिसऱ्या रविवारी जिना उतरताना भट्टीवाल्याने त्याला गाठलं.

"दादा, एक विचारू? तुमची ओळ तिने ऐकली कुठे असेल? मी बेकरीत गाणी लावत नाही. आणि ती म्हणते, याला रॅप म्हणतात हेही तिला माझ्याकडूनच कळलं."

"ती म्हणते," मिस्त्री म्हणाला.

"पुढच्या रविवारी नाव नाही घेतलं तर जाईल ती. परवा मला म्हणाली, अख्ख्या आठवड्यात ही एकच जागा आहे जिथे कुणी घाई कर म्हणत नाही."

"मग घे म्हणावं नाव. जीभ झडणार नाही."

पण भट्टीवाल्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कुठे ऐकली? त्याला शिक्षेपेक्षा पुरावा हवा होता. तिच्या कारखान्यात त्याने तीन वर्षांपूर्वी एकदा काम केलं होतं, मग मालकाने दुसरा मिस्त्री धरला. त्याने सुपरवायझरला फोन केला आणि म्हणाला, सगळी मशीनं एकदा फुकट तपासून देतो. फुकट म्हटल्यावर सुपरवायझरलाही संशय आला. काहीतरी पाणी मुरतंय असं त्याच्या आवाजातच होतं, पण नाही म्हणवेना.

बुधवारी सकाळी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन पोचला. फोन गेटवर जमा करायला लागला. आत साठ मशीनं एकदम चालू, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. नवीची त्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्रीला वाटलं, नशीब आपल्या बाजूला आहे. तिची जागा विचारली तर भिंतीकडेला, काज करायच्या मशीनवर. म्हणजे शर्टाच्या बटणपट्टीवर बटण आत घालायला फटी शिवायच्या, दिवसभर. शेजारी दोरे कापणारी मावशी बसली होती.

त्याने मशीनचं झाकण उघडता उघडता खडा टाकून पाहिला. "मावशी, इथे गाणीबिणी लावतात का हो?"

"गाणी?" मावशी ओरडून म्हणाली. "सुपरवायझर खोकला तरी ऐकू येत नाही इथे. आणि फोन तर गेटवर."

"शेजारची ती मुलगी कुणाची गाणी म्हणते?"

मावशीने कात्री थांबवली आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. संशयी माणसाला दुसऱ्याची संशयी नजर लगेच ओळखू येते. "तुम्ही मशीन बघायला आलात की मुलगी?" ती म्हणाली आणि पुन्हा दोरे कापायला लागली.

मिस्त्रीचे कान तापले. त्याने मान खाली घालून कामाला सुरुवात केली. चिंधीचा तुकडा पट्टीवर ठेवला आणि पायाने कळ दाबली. मशीनचा पाय कापडावर बसला. एका कडेने भराभर टाके खाली आले, तळाला दोनतीन टाके जागीच, दुसऱ्या कडेने टाके वर गेले. मग सुई थांबली. क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात खट्ट करून सुरी पडली, मधलं कापड चिरलं, आणि पाय वर झाला. काज तयार.

त्याने दुसरं काज केलं, तिसरं केलं. चौथ्याला त्याच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. टाके खाली येताना पहिली ओळ, वर जाताना दुसरी. सुई थांबते तिथे तो थांबत होता. सुरी पडली की 'बाहेर'. टाका न टाका जुळत होता.

त्याने कळ सोडली. हात पुसले. तेल नव्हतं तरी पुसले.

"तुम्हीपण तेच म्हणता का?" त्याचे ओठ बघून मावशी म्हणाली.

"काय?"

"तेच, खिडक्यांचं. ती या काजांना खिडक्या म्हणते. या मशीनवर बसल्यापासून मोठमोठ्याने तेच चालू असतं. आम्हा सगळ्यांना पाठ झालंय."

"कधीपासून?"

"झाली तीनेक वर्षं. त्या वर्षी शर्टांची घाई होती आणि मशीनची सुरी सारखी अडकायची. कोण तो मिस्त्री, आठवडाभर या टेबलाखाली पडून होता, आणि ती वर मशीन चालवून बघत तेच म्हणायची. आम्हाला त्याचे पायच तेवढे माहीत." तिने त्याच्या बुटांकडे बघितलं. "तुम्हीच नव्हे ना ते?"

मिस्त्री काहीतरी पुटपुटला आणि पिशवी आवरून निघाला. उरलेली मशीनं तशीच राहिली. सुपरवायझरला खात्री पटली की हा नक्की कशासाठी तरी आला होता.

रस्त्यावर येईपर्यंत त्याचं डोकं पुन्हा ताळ्यावर आलं, म्हणजे वाकडं चालायला लागलं. मावशीला पढवून ठेवलं असेल. तीन वर्षं म्हणजे नक्की किती? अशी लय कुठल्याही मशीनला असते. घरी जाऊन त्याने जुन्या वह्या काढल्या. कामावर सुचेल ते आणि मशीनची मापं एकाच वहीत लिहायची त्याला सवय होती. ते पान सापडायला अर्धा तासही लागला नाही. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'काज मशीन, सुरी अर्धा इंच, नवी बसवणे.' त्याखाली पेन्सिलीने ती ओळ. अक्षर तिरपं, घाईघाईत लिहिलेलं, आडवं पडून लिहिलं की येतं तसं. 'रोज उघडते' लिहून त्याने ते खोडलं होतं आणि वर 'किती उघडल्या' केलं होतं. खोडलेलं 'उघडते' अजून स्वच्छ वाचता येत होतं. बाईच्या तोंडचा शब्द.

बायको कामावरून आली तेव्हा तो वही मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सगळं सांगितलं. तिने चपला काढता काढता ऐकलं.

"मला ती ओळ कधी पटलीच नव्हती," ती म्हणाली.

"आता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? तुझ्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्यातून आख्खी गल्ली दिसायची, समोरचं आमचं घरसुद्धा. तिथूनच तर बघायचास मला. म्हणे एकीतूनही दिसत नाही बाहेर."

मिस्त्रीला हसू आलं नाही. "दोघांना एकाच वेळी सुचलं असेल," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी. खिडकी काही कुणाच्या मालकीची नसते."

"आमच्या लॅबमध्ये एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटलं तर आम्ही असं नाही म्हणत, की जाऊ दे, रक्त दोघांचं लालच आहे." ती आत गेली. मग आतून म्हणाली, "त्या पोरीला आणखी किती दिवस गप्प बसवणार आहेस?"

पुढचे तीन दिवस त्याने फार वाईट काढले. तोंडातून चकार शब्द काढला नाही तर काय होईल, याचा तो पुन्हा पुन्हा हिशेब करी. मावशी काही गोलात येणार नव्हती. वही त्याचीच. नवी नाव घेणार नाही, उठून जाईल, आणि चार महिन्यांत कुणाला आठवणारही नाही. हे इतकं सोपं होतं की त्याला त्याचीच भीती वाटली. मग त्याला दुसराच घोर लागला. बाकीच्या ओळींचं काय? पंचवीस वर्षं तो मशीनखाली पडून होता आणि वर बायका बोलत होत्या. त्याने वह्यांची पानं उलटली. कुठली ओळ आपली, कुठली वरून पडलेली, ते आता त्याला सांगता येईना. आयुष्यभर जगावर संशय घेतला, आणि एका माणसाची झडती घ्यायची राहून गेली होती.

चौथ्या रविवारी खोली भरलेली होती. काय होतं ते बघायला एरवी न येणारेही आले होते. नवी तिच्या जागेवर होती. भट्टीवाला घसा खाकरून म्हणाला, "दादा, आज तिने नाव घ्यायचं."

"तिने नाही," मिस्त्री म्हणाला. "मी."

आणि उभं राहून त्याने नवीकडे उघडा तळहात केला. कारखाना, टेबल, सुरी, वही, खोडलेला शब्द, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि खोली टाळ्यांनी भरून गेली. भट्टीवाल्याने त्याला मिठी मारली. "याला म्हणतात दादा," "एवढं मोठं मन कुणाचं असतं," "मुद्दाम थोडंच केलं," असे आवाज चारी बाजूंनी आले. मिस्त्री म्हणाला, "आता चार रविवार मी मुका." तर सगळे हसायलाच लागले. तुमच्याशिवाय गोल कसा चालणार दादा, कबूल केलंत, संपला विषय. दोन मिनिटांत त्याची सुटका झाली. तिला तीन आठवड्यांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. हे इतकं सोपं कसं झालं, ते त्याला नीट दिसलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. तो कुणाचं न ऐकता खाली बसला आणि त्याने ओठ मिटले.

माइक डावीकडून फिरत नवीकडे आला. भट्टीवाला उत्साहाने बीट द्यायला लागला. तिने हातानेच त्याला थांबवलं.

"मला म्हणायची नाही ती ओळ," ती साध्या आवाजात म्हणाली. "तीन वर्षं म्हणत होते. त्यावर दिवस निघायचा. आता मशीन सुरू केलं की पहिल्या टाक्याला यांचा आवाज येतो. थांबतातही तेच, आणि मग टाळ्या ऐकू येतात. मी तोंड उघडलं की वाटतं, मीच यांची नक्कल करतेय. बुधवारी सुट्टी घेतली ती त्यासाठीच. त्या मशीनवर बसवेना." ती मिस्त्रीकडे वळली. "तुम्ही मशीनं दुरुस्त करता. हा आवाज काढता येतो का?"

सगळे मिस्त्रीकडे बघू लागले. मुकं बसायचं त्याने स्वतः ठरवलं होतं, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं. आणि देता आलं असतं, तरी त्याला ते येत नव्हतं. मग तिने माइक डावीकडच्या माणसाच्या हातात दिला.